तरुणांना श्रमदानाला बोलावतो, ग्रामसभेला का बोलावत नाही? : गावचा आराखडा, मोबाइल आणि तरुणांची जाळी

शिवारवाट (धागाकर्ता)

गावातली तरुण मुले सार्वजनिक कामात लक्ष घालत नाहीत, दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, अशी तक्रार हल्ली पारावर, एसटीत आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहताना ही तक्रार मला अर्धवट वाटत आली आहे. चर खोदायचे असोत, झाडे लावायची असोत, शाळेची भिंत रंगवायची असो किंवा पुराच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना उचलून उंचावर न्यायचे असो, हीच मुले सर्वांत आधी धावून येतात. मात्र गावाचा पैसा कुठे खर्च करायचा हे ज्या बैठकीत ठरते, तिथे त्यांना कोणी बोलावत नाही आणि ती बैठक कधी झाली हेही त्यांना कळत नाही. त्यांच्या हातातला मोबाइल आणि त्यांची आपापसांतली जाळी नेमकी याच ठिकाणी कामी यावीत असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा.

तरुणांच्या जाळ्यात किती ताकद असते हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या ३ तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोहोचली. त्या वर्षी ८ एप्रिल ते २२ मे या ४५ दिवसांत गावोगावची मुले पहाटे टिकाव-फावडे घेऊन माळावर जात होती, शहरांतल्या तरुणांनी ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नोंदणी केली होती आणि १ मे रोजी ते गावांत येऊन महाश्रमदानात उतरले होते. निरोप, छायाचित्रे, उद्याच्या कामाची जागा, पाण्याच्या टँकरची सोय, सारे व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरत होते. त्या कामाबद्दल मला आदर आहे. परंतु साठलेले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, किती बोअर घेऊ द्यायचे, हे प्रश्न श्रमदान संपल्यावर सुरू होतात आणि ते फावड्याने सुटत नाहीत. हिवरे बाजारात १९८९ मध्ये तरुणांनी आग्रह धरून पोपटराव पवार या शिकलेल्या मुलाला सरपंच केले तेव्हा मोबाइल नव्हता. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. त्या गावाचे वेगळेपण मला चरांपेक्षाही या प्रथेत अधिक दिसते.

आता साधनांकडे वळतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणत्याही ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा पाहता येतो. त्यासाठी पासवर्ड लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडले की मंजूर कामांची यादी, प्रत्येक कामाची अंदाजित रक्कम आणि झालेला खर्च समोर येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दिलेल्या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच वापरायची, आणि ४० टक्के अबंधित होती. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला मिळत असे. हा पैसा लहान नाही. तरीही आपल्या गावाची यादी कधी उघडून पाहिली आहे का, असे वर्गात विचारले तर हात वर होत नाहीत.

एका गावातील शिबिरात आम्ही हेच केले. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून काही मुला-मुलींनी यादी उघडली आणि एकीने ती वहीत उतरवून घेतली. यादीत हातपंप दुरुस्तीचे काम होते, खर्चही पडलेला होता. त्यांच्या वस्तीतला हातपंप मात्र कित्येक महिने बंद होता, त्याच्या दांड्याला कुणीतरी शेळी बांधत असे. पैसे खाल्ले, असे लगेच दोघे-तिघे म्हणाले आणि एकाने ग्रुपवर मजकूर टाकायला सुरुवातही केली. मी एवढेच सुचवले की गावातले सगळे हातपंप आधी पाहून या. मुले टॉर्च घेऊन निघाली आणि तासाभराने परतली. वरच्या आळीतला पंप दुरुस्त झालेला होता, नवे वॉशर, नवी साखळी, शेजारी सिमेंटचा ओटाही होता. पैसे खर्च झाले होते आणि कामही झाले होते. ते वरच्या आळीत झाले, कारण ज्या सभेत काम ठरले तिथे वरच्या आळीचे लोक बसलेले होते आणि खालच्या वस्तीतून कोणीच गेलेले नव्हते.

या प्रसंगानंतर माझे मत पक्के झाले. गैरव्यवहार शोधणे आवश्यक आहे, पण तरुणांना केवळ चोर पकडण्याच्या भूमिकेत उभे केले तर गाव दोन तटांत विभागले जाते आणि मुलांच्या आईवडिलांवर दबाव येतो. माहिती हातात घेऊन सभेत बसणे, आपल्या वस्तीचा विषय मांडणे आणि त्याचा ठराव इतिवृत्तात लिहून घेणे, ही सवय लागली तर गावाचे काम आतून बदलते.

यातली मोठी अडचण गणपूर्तीची आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे न आल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे पहिल्या सभेला गर्दी नाही, आणि दुसरी सभा कधी होते ते मोजक्या लोकांनाच माहीत, हे चित्र अनेक गावांत वर्षानुवर्षे चालू आहे. शंभर माणसे गोळा करणे हे तरुणांच्या जाळ्याला अशक्य नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीला ती एका निरोपावर जमतात.

आपल्या गावांत कोणी असे प्रयत्न केले असतील, कुठे अडले असेल, कुठे साधले असेल, तर कृपया लिहावे.

तगाई

शिवारवाट सर, मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो. एका कर्मचाऱ्याकडे अनेकदा दोन-तीन गावांचा कार्यभार असतो. आराखडा भरण्याची मुदत जवळ आली की वरून रोज विचारणा होते आणि मग मागच्या वर्षीच्या यादीत थोडे फेरफार करून नवी यादी संगणक परिचालकाकडून भरून घेतली जाते. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण असे घडते. अशा वेळी एखाद्या गावातल्या मुलांनी वस्तीनिहाय कामांची नीट लिहिलेली यादी आधी आणून दिली तर बहुतेक कर्मचाऱ्यांना ती हवीच असते, कारण त्यांचे निम्मे काम झालेले असते.

तरुणांना माझे सांगणे असे की सभेत उभे राहून केलेले भाषण कागदावर येत नाही. विषयपत्रिका निघण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सभेत त्या विषयाला सूचक आणि अनुमोदक दोन्ही ठरवून न्यावेत. ठराव लिहिला जात असताना तो मोठ्याने वाचून घ्यावा आणि नंतर इतिवृत्ताची प्रत मागावी. सर्वसाधारण ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघते. तिचा फोटो काढून त्याच दिवशी ग्रुपवर टाकला तर दवंडी ऐकली नाही ही सबब राहत नाही. व्हॉट्सॲपवर झालेली चर्चा म्हणजे ठराव नव्हे, ही गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसली पाहिजे. ग्रुपवर दोनशे जणांनी अंगठा दाखवलेला असतो आणि सभेत सात जण बसलेले असतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

नकाशावेडी

मी पुण्यात असते आणि ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर स्वयंसेवक म्हणून काम करते. वरच्या हातपंपाच्या प्रसंगात मला नकाशाची उणीव जाणवली. यादीत ‘हातपंप दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले असते, कोणता पंप ते वाचणाऱ्याला कळत नाही. गावातील सर्व हातपंप, नळकोंडाळी, विजेच्या डीपी, अंगणवाड्या, पाणंद रस्ते आणि गटारे एका नकाशावर असतील तर कोणत्या वस्तीला काय मिळाले आणि काय मिळाले नाही हे अशिक्षित माणसालाही दिसते.

केनियातील नैरोबी शहरात किबेरा नावाची फार मोठी झोपडवस्ती आहे. लाखो लोक राहत असूनही सरकारी नकाशांवर ती जागा वनजमीन म्हणून दाखवलेली असे. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रे हातात घेऊन गल्ल्या पायी फिरून पाण्याच्या जागा, दवाखाने, शाळा, शौचालये यांच्या नोंदी केल्या आणि तो नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर चढवला. या कामाला ‘मॅप किबेरा’ म्हणतात. त्यात मला महत्त्वाचा वाटलेला भाग पुढचा आहे. नकाशा इंटरनेटवर होता, पण वस्तीतल्या बहुतेकांना तो तिथे दिसणार नव्हता. म्हणून त्या मुलांनी तो कागदावर छापून वाटला, भिंतींवर रंगवला आणि त्यावर लोकांशी बोलणी केली. आपल्याकडेही मोबाइलवर तयार केलेला नकाशा ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर उतरलाच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन.

साधने आज फुकट आहेत. नकाशावर नोंदी करण्यासाठी साध्या अँड्रॉइड फोनवर ‘ओएसएमअँड’ किंवा ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे ॲप चालते, आणि प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर ‘कोबोटूलबॉक्स’मध्ये मराठीत प्रश्न टाकता येतात, रेंज नसतानाही माहिती भरता येते आणि रेंज आली की ती चढते. एक काळजी मात्र घ्यावी. कोणत्या घरात शौचालय नाही, कोण आजारी आहे, कोणाच्या घरात एकटी बाई राहते, अशा नोंदी सार्वजनिक नकाशावर कधीही टाकू नयेत. सार्वजनिक वस्तू नकाशावर टाकाव्यात, घरांची माहिती गावाच्या वहीत ठेवावी.

उंबरठा

आपण सगळे ‘तरुण’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मुलगे येतात, म्हणून लिहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३३ टक्के होत्या. पुरुषांत इंटरनेटचे हे प्रमाण ५७ टक्के होते. परिस्थिती त्यानंतर सुधारली असेल, पण गावातल्या मुलीचा फोन बहुधा घरातला सामाईक फोन असतो आणि संध्याकाळी तो भावाच्या हातात जातो. गावाच्या ग्रुपवर तिचा नंबर टाकायलाही घरचे तयार नसतात, कारण त्या ग्रुपवर अनोळखी पुरुष असतात आणि रात्री-अपरात्री मेसेज येतात. मग ग्रुपवर ठरलेली कामे म्हणजे मुलग्यांनी ठरवलेली कामे होतात. क्रिकेटच्या मैदानाचे सपाटीकरण यादीत वर जाते आणि मुलींच्या शाळेच्या वाटेवरचा दिवा खाली राहतो.

आमच्या गावात मुलींनी यावर साधा मार्ग काढला. त्यांनी गावाच्या ग्रुपमध्ये जाण्याऐवजी बचत गटाच्या बैठकीत स्वतःची वेळ मागून घेतली. बारावी झालेली एक मुलगी आराखड्याची यादी वाचून दाखवते, बायका आपले विषय सांगतात, आणि तेच विषय महिला ग्रामसभेत मांडले जातात. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे, बहुतेक ठिकाणी ती फक्त रजिस्टरवर सह्यांपुरती उरलेली असते. तिथे आता खरी चर्चा होते. यादी वाचणाऱ्या मुलीला सुरुवातीला बायका ‘तू काय सांगणार आम्हाला’ असे म्हणत, आता बैठकीला ती आली नाही तर तिच्या घरी निरोप जातो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी आवाजाचा मार्गही आहे. छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’मध्ये साध्या फोनवरून लोक आपली तक्रार किंवा बातमी आपल्या भाषेत, गोंडीतही, बोलून नोंदवत असत आणि ती तपासून इतरांना ऐकवली जात असे. न वाचता येणाऱ्या आजीलाही ज्यात बोलता येते असे साधन मला जास्त जवळचे वाटते.

घाटाखालचा

मी नोकरीसाठी चाकणला असतो, माझ्यासारखी गावातली निम्मी तरुण मुले पुणे-चाकण-पिंपरीच्या बाजूला आहेत. आमचे मतदार यादीत नाव गावातच आहे, म्हणजे कायद्याने आम्ही ग्रामसभेचे सभासद आहोत. ग्रामसभा परंपरेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास होतात आणि त्या दिवशी आम्हाला सुट्टीही असते. तरीही आम्ही जात्रेला जातो आणि ग्रामसभेला जात नाही. आमच्या गावच्या मुलांनी ठरवले आहे की गाडी भाड्याने करायची ती यापुढे वर्षातून किमान एकदा ग्रामसभेसाठी करायची.

मात्र शहरात गेलेल्या मुलांनी गावच्या मुलांना सूचना देत बसू नये, असेही मला वाटते. आम्ही संगणकावर तक्ते करू शकतो, वीज मंडळाला अर्ज टाइप करून देऊ शकतो, अंदाजपत्रक वाचणारा अभियंता मित्र शोधून देऊ शकतो. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात तरुण प्रोग्रामरांनी राज्याच्या आयटी मिशनबरोबर ‘केरळ रेस्क्यू’ हे संकेतस्थळ उभे केले. कोणाला कुठे मदत हवी याच्या नोंदी तिथे होत आणि त्या नोंदींवरून प्रत्यक्ष बोटी नेणारे मच्छीमार आणि जवान वेगळे होते. लांब राहणाऱ्याने कोणते काम करावे हे मला त्यावरून नीट समजले. ज्याच्या दारात गटार तुंबते त्यानेच त्याचा क्रम ठरवावा.

शिवारवाट

सर्वांचे मनापासून आभार. तगाई यांनी सांगितलेली पोच आणि सूचक-अनुमोदकाची गोष्ट मी शिबिराच्या पहिल्याच दिवशी शिकवायला घेणार आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर असते. यांतले बरेच तास रस्ता झाडण्यात आणि प्रभातफेरीत जातात. त्यांतला एक दिवस गावाचा आराखडा वाचण्यासाठी आणि एक दिवस शिवारफेरीसाठी राखला, तर विद्यार्थी गाव सोडून जाताना ग्रामपंचायतीच्या हातात वस्तीनिहाय यादी ठेवून जातील. स्वच्छतेचे काम मी कमी लेखत नाही. पण साफ केलेले गटार पुन्हा का तुंबते, त्याचा उतार कुणी चुकवला, ते बांधताना मोजमाप कुणी घेतले, हे विचारण्याची बुद्धी मुलांत आहे आणि आपण तिला वाव देत नाही, याचे मला दुःख होते.

उंबरठा यांचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. शिबिरात आराखडा वाचण्यासाठी मुलींचा स्वतंत्र गट करावा आणि त्यांना महाविद्यालयाचा टॅब द्यावा, घरच्या फोनवर अवलंबून ठेवू नये, असा प्रस्ताव मी देणार आहे.

खालची_वस्ती

मी बारावीत आहे. माझे वय अजून १८ नाही, त्यामुळे ग्रामसभेत माझे मत धरले जात नाही. आमच्या वस्तीतले मोठे लोक ऊसतोडीला जातात आणि दिवाळीनंतर गावात आम्ही मुले आणि म्हातारी माणसेच राहतो. २६ जानेवारीच्या सभेला आमच्याकडून कोणी जाणारच नसेल तर आम्ही काय करायचे?

तगाई

बाळा, तुझा प्रश्न फार मोलाचा आहे. तोडीला जाणाऱ्या वस्त्यांसाठी २६ जानेवारीची सभा उपयोगाची नसते, हे मी नोकरीत असताना पाहिले आहे. पुढच्या वर्षाचा आराखडा तयार करण्याची लोकयोजना मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि त्या वेळी तुमची माणसे बहुधा गावातच असतात. म्हणून तुमचे सगळे विषय त्याच सभेत गेले पाहिजेत. तू आणि तुझे मित्र आता, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वस्तीतल्या अडचणी लिहून काढा. फोटो काढा, फोटोवर तारीख राहील असे पाहा. अर्जावर सही मात्र १८ वर्षांवरील मतदाराची घ्या, तुझ्या आजीची घेतलीस तरी चालेल. आजीला ठसा द्यावा लागत असेल तर शेजारी साक्षीदाराची सही घे. अर्ज दोन प्रतींत कर, एक ग्रामपंचायतीत दे, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन घरी ठेव.

माणसे कारखान्यावर गेल्यावर तहकूब सभेची सूचना लागली तर तिचा फोटो त्यांच्या मुकादमाच्या फोनवर पाठव, म्हणजे निदान काय ठरणार आहे ते त्यांना कळेल. आणि मार्चनंतर ई-ग्रामस्वराजवर नव्या वर्षाची यादी उघडून तुमच्या अर्जातले कोणते काम आले ते पाहा. आले नसेल तर त्याच अर्जाच्या पोचीची प्रत जोडून १ मेच्या सभेसाठी पुन्हा विषय द्या, तोपर्यंत तुमची माणसे परत आलेली असतील.

खालची_वस्ती

आजोबा, अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, सरपंचांच्या की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या?

तगाई

‘मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी’ असे दोघांच्या नावे लिही. विषयात ‘ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत विषय समाविष्ट करणेबाबत’ असे घाल. एका अर्जात एकच विषय ठेव, म्हणजे त्याचा ठराव वेगळा लिहावा लागेल.